पहिले तीन दिवस कोणाचे?

हजेरीबुकात ज्या दिवसापुढे कामगाराची हजेरी लागत नाही, त्या दिवसाला खाडा म्हणतात. खाडा का पडला, हे हजेरीबुक विचारत नाही. गावची जत्रा असो, पोराचा ताप असो की पॉवर प्रेसखाली चेमटलेलं बोट, रकाना एकच. महिनाअखेरीला खाडे मोजायचे, तेवढ्या दिवसांचा पगार वजा करायचा, संपला हिशेब.

कामावर झालेल्या इजेची भरपाई देणारे कायदे आले, ते यातला चेमटलेल्या बोटाचा खाडा वेगळा काढण्यासाठी. जत्रेला माणूस आपल्या मर्जीने जातो. बोट मालकाच्या मशीनखाली जातं, मालकाचं काम करताना जातं. म्हणून त्या दिवसांचा पगार कामगाराने गमावू नये, निदान सगळा तरी गमावू नये, असं तत्त्व ठरलं. पण तत्त्व मान्य करतानाच बहुतेक देशांच्या कायद्यांनी सुरुवातीच्या काही दिवसांना त्यातून वगळलं. या वगळलेल्या दिवसांना कायद्याच्या भाषेत ‘वेटिंग पीरियड’ म्हणतात, मराठीत प्रतीक्षा काळ. भारतात तो तीन दिवसांचा आहे.

नाव फसवं आहे

‘प्रतीक्षा’ म्हटलं की वाटतं, थोडं थांबा, पैसे येतील. बसची प्रतीक्षा करणाऱ्याला उशिरा का होईना बस मिळते. इथे तसं नाही. दुखापत थोडक्यात बरी झाली, तर या तीन दिवसांचे पैसे कधीच येत नाहीत. ज्याला आपण थांबणं म्हणतो, तो खरं तर न मिळणारा पगार असतो.

गोंधळ होतो, कारण इथे दोन घड्याळं एकाच वेळी चालू असतात. पहिलं घड्याळ सांगतं, कोणत्या दिवसापासून पैसे *लागू* होतात. दुसरं सांगतं, ते पैसे *हातात* कधी पडायला हवेत. आपल्या १९२३ च्या भरपाई कायद्यात पहिल्या घड्याळाचा काटा तीन दिवसांनी सुरू होतो आणि दुसऱ्याचा ठोका सोळाव्या दिवशी पडतो. ऑफिसात विचारायला गेलेल्या कामगाराला ‘थांबावं लागेल’ असं उत्तर मिळतं, तेव्हा यातलं कोणतं थांबणं अभिप्रेत आहे, हे त्याला कळलेलं नसतं. अनेकदा सांगणाऱ्यालाही नसतं.

बारा दिवसांचा हिशेब

आकडे मांडले की गोष्ट स्वच्छ होते. समजा, भोसरीतल्या एका शेडमध्ये सात-आठ माणसं काम करतात. त्यातल्या प्रेस चालवणाऱ्याच्या हाताला शुक्रवारी दुपारी मार बसला. टाके पडले, डॉक्टरांनी बारा दिवस काम बंद सांगितलं. पगार महिना १५,००० रुपये, म्हणजे दिवसाला ५००. कारखाना छोटा असल्यामुळे ईएसआय ही सरकारी विमा योजना लागू नाही. भरपाई द्यायची ती मालकाने स्वतः.

अशा तात्पुरत्या अपंगत्वासाठी कायद्याने पंधरवडी हप्ता ठरवला आहे: दर पंधरा दिवसांना महिन्याच्या पगाराचा पाव हिस्सा. महिन्याला दोन हप्ते, म्हणजे निम्मा पगार. आपल्या कामगाराला हप्ता बसतो ३,७५० रुपयांचा, दिवसाला २५०. बारा दिवसांतले पहिले तीन गेले, उरले नऊ. नऊ दिवसांचे २,२५० रुपये. बुडालेला पगार ६,००० रुपये.

दुखापत तीनच दिवसांत बरी झाली असती, तर मिळाले असते शून्य. कायद्याचे शब्द ‘तीन दिवसांहून अधिक’ असे आहेत. चौथा दिवस उजाडल्याशिवाय हप्त्याचं दार उघडत नाही. औषधपाण्याचा खर्च मात्र वेगळा. २००९ च्या दुरुस्तीनंतर कामावरच्या इजेच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने भरून द्यायचा आहे.

आता दुसरी बाजू. दुखापत लांबली आणि अपंगत्व २८ दिवस किंवा त्याहून जास्त टिकलं, तर वगळलेले तीन दिवस परत हिशेबात येतात. म्हणजे २७ दिवस घरी बसलेल्याला २४ दिवसांचे ६,००० रुपये आणि २८ दिवस बसलेल्याला पूर्ण २८ दिवसांचे ७,०००. एका दिवसाने हजार रुपयांचा फरक पडतो. त्यातले २५० त्या दिवसाचे, ७५० मागच्या तीन दिवसांचे.

या रचनेत एक गंमत आहे. पहिला हप्ता देय होतो सोळाव्या दिवशी. अपंगत्व २८ दिवस टिकणार की नाही, हे त्या दिवशी ना मालकाला ठाऊक असतं, ना डॉक्टरांना, ना कामगाराला. टिकलं तर सोळा दिवस अपघातापासून मोजायचे. नाही टिकलं तर आधी तीन दिवस जाऊ द्यायचे आणि मग सोळा मोजायचे. म्हणजे पहिला हप्ता नेमका कधी द्यायचा, हे ठरवायला आणखी बारा दिवस वाट पाहावी लागते. व्यवहारात मालक कोणती तारीख धरेल, हे सांगायला नको.

तेरा आठवड्यांपासून तीन दिवसांपर्यंत

हे दिवस आले कुठून? कामगारांच्या अपघात विम्याचा पहिला राष्ट्रीय कायदा जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८४ मध्ये झाला. तो निधी मालकांच्या वर्गणीवर चालायचा, पण त्याचं दार उघडायचं चौदाव्या आठवड्यात. पहिल्या तेरा आठवड्यांचा भार आदल्याच वर्षीच्या कायद्याने उभ्या केलेल्या आजारपणाच्या निधीवर टाकला होता आणि त्या निधीतली दोन तृतीयांश वर्गणी कामगार भरत होते. बहुतेक दुखापती तेरा आठवड्यांच्या आत बऱ्या होतात. मोठे अपघात मालकांच्या खात्यावर गेले आणि छोट्यांचा बराचसा खर्च कामगारांनीच आपसात वाटून घेतला.

ब्रिटनने १८९७ मध्ये कायदा केला तेव्हा पहिले दोन आठवडे वगळले. १९०६ मध्ये ते एका आठवड्यावर आणले आणि दुखापत दोन आठवडे टिकली तर पहिल्या आठवड्याचेही पैसे द्यायचे, अशी तरतूद केली. आपल्या २८ दिवसांच्या नियमाची मूळ कल्पना तिथे दिसते.

भारतात कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ मध्ये मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्यात प्रतीक्षा काळ होता दहा दिवसांचा. मुंबईच्या गिरणीत साच्यावर हात सापडून नऊ दिवस घरी बसलेल्या माणसाला हा कायदा असून नसल्यासारखा होता. १९२९ मध्ये जॉन व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक शाही आयोग नेमला गेला. लोअर परळमधल्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे, ते कामगार नेते ना. म. जोशी त्याचे एक सदस्य होते. आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला आणि १९३३ च्या दुरुस्तीने दहाचे सात दिवस झाले. साताचे तीन व्हायला १९५९ उजाडावं लागलं.

तिथून काटा हललेला नाही. १९२३ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावून घेतला गेला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला, नोकरीशी संबंध जोडता येणारा अपघातही तिने भरपाईच्या कक्षेत घेतला. तीन दिवस मात्र तिने जसेच्या तसे ठेवले, २८ दिवसांचा हिशेबही तसाच.

रस्त्यापलीकडचा कारखाना

आपला प्रेस चालवणारा कामगार रस्ता ओलांडून समोरच्या मोठ्या कारखान्यात कामाला असता, तर त्याच जखमेचा हिशेब वेगळा झाला असता. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांत, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय, म्हणजे राज्य विमा योजना लागू होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४४ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा अहवाल दिला. त्यातून १९४८ चा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली.

ईएसआयमध्येही तीनचा आकडा आहे, पण तो वेगळं काम करतो. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम करता आलं नाही, तर पैसे मिळतात आणि ते *पहिल्या दिवसापासून* मिळतात. इथे तीन दिवस हा उंबरठा आहे. ओलांडला की घरात आलात, उंबरठ्याची किंमत कापली जात नाही. शिवाय दर आहे सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के. वर्गणी किती दिवस भरली, याचीही अट नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी बोट गेलं तरी हक्क आहे.

दिवसाला ५०० रुपये धरले, तर बारा दिवसांचे ५,४०० रुपये. रस्त्याच्या अलीकडे २,२५०, पलीकडे ५,४००. जखम तीच, टाके तेवढेच.

दोनच दिवसांची दुखापत असेल तर मात्र ईएसआयमध्येही हात रिकामा राहतो. अशा वेळी आजारपणाचा लाभ मागता येतो, पण त्या लाभाचे पहिले दोन दिवस बिनपैशांचे असतात. दोनातून दोन गेले, बाकी शून्य. मग लोक हक्काची रजा टाकतात. वीस दिवस काम केल्यावर एक भरपगारी रजा, हा कारखान्यातला नियम. मालकाच्या मशीनने केलेल्या दोन दिवसांच्या जखमेसाठी कामगार चाळीस दिवसांच्या कामाची रजा खर्चून बसतो.

थांबवायचं कशासाठी?

प्रतीक्षा काळाच्या बाजूने सांगितली जाणारी कारणं दोन. पहिलं कागदपत्रांचं. खरचटलं, भाजलं, डोळ्यात कचरा गेला अशा किरकोळ दुखापतींची संख्या प्रचंड असते. प्रत्येकीचा अर्ज, दाखला आणि तपासणी करायची, तर द्यायच्या रकमेपेक्षा ती देण्याचा खर्च जास्त व्हायचा. या कारणात तथ्य आहे. विम्यात गाडीच्या नुकसानीचा पहिला काही भाग मालकाने सोसायचा असतो, तसंच हे.

दुसरं कारण संशयाचं. घरी बसून पैसे मिळणार असतील, तर माणूस दुखणं वाढवून सांगेल. किंवा सुट्टीत शेतावर, क्रिकेट खेळताना झालेली इजा कामावरची म्हणून खपवेल. अमेरिकेत सोमवारी नोंदल्या जाणाऱ्या दुखापती जास्त असतात, हे दिसल्यावर तिथे हा संशय बळावला. डेव्हिड कार्ड आणि ब्रायन मॅकॉल या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये मिनेसोटा राज्याच्या नोंदी घेऊन तो तपासला. त्यांचा तर्क साधा होता: लोक रविवारची इजा सोमवारी खपवत असतील, तर ज्यांना स्वतःचा आरोग्य विमा असण्याची शक्यता कमी, ते हे जास्त करतील. तसं दिसलं नाही. मालकांनीही सोमवारचे दावे इतर दिवसांपेक्षा जास्त फेटाळले नव्हते. हे कार्ड पुढे २०२१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले.

भोसरी-चिंचवड पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. म्हणजे आपल्या कामगाराचा अपघाताचा शुक्रवार हा तिथला सोमवारच. एक दिवस बंद राहिलेली मशीन, आखडलेले हात, सुट्टीनंतरची घाई: सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी अपघात व्हायला लबाडीखेरीज पुष्कळ कारणं असू शकतात.

संशयाच्या युक्तिवादाची खरी अडचण २८ व्या दिवशी दिसते. थोडक्यात बरे झालेल्यांचे तीन दिवस कापायचे आणि लांबलेल्यांना ते परत द्यायचे, या रचनेत २६ व्या दिवशी बऱ्या झालेल्या माणसाला आणखी दोन दिवस घरी बसण्याचं कारण कायदाच पुरवतो. कामचुकारपणा रोखायला बांधलेला बांध स्वतःच एक मोह तयार करतो.

इतरत्र काय करतात

अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळा. कॅलिफोर्नियात तीन दिवस वगळतात आणि दुखापत चौदा दिवसांपुढे गेली की परत देतात. मॅसॅच्युसेट्समध्ये पाच दिवस वगळतात, ते परत मिळायला २१ दिवस लागतात. हवाईत तीन दिवस जातात ते जातातच. मराठी माणसांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीत सात दिवस थांबावं लागतं, पण सात दिवस उलटले की पहिल्या दिवसापासूनचे पैसे लागू होतात. आपल्या ईएसआयसारखाच उंबरठा, फक्त उंच.

फ्रान्समध्ये साध्या आजारपणाला तीन दिवसांची कात्री लागते. कामावरच्या अपघाताला लागत नाही. तेरा आठवडे थांबवणाऱ्या जर्मनीत आज मालक पहिले सहा आठवडे पगार चालू ठेवतो आणि त्यानंतर अपघात विमा सुरू होतो.

सगळ्यात बोलकं उदाहरण जपानचं. तिथेही अपघात विमा चौथ्या दिवसापासून सुरू होतो, तीनच दिवस वगळून. पण त्या तीन दिवसांचे साठ टक्के मालकाने स्वतः द्यावेत, असं तिथला श्रम कायदा सांगतो. विम्याच्या कचेरीला किरकोळ अर्जांचा त्रास नाही आणि कामगारही वाऱ्यावर नाही. कागदपत्रांची अडचण खरी आहे हे मान्य करूनही तिचं ओझं कामगारावर टाकावं लागत नाही, हे जपानच्या या एका कलमाने दाखवलं.

नोंद कुठे होते

प्रतीक्षा काळाचा आणखी एक परिणाम पैशांच्या पलीकडचा आहे. ज्या दुखापतीचा दावाच होऊ शकत नाही, तिचा कागद कोण करणार? कारखाने कायद्यात अपघात सरकारला कळवण्याची रेषा होती ४८ तासांची: माणूस त्यापेक्षा कमी वेळ कामाबाहेर राहिला तर कळवायचं बंधन नाही. कारखान्यात ही रेषा सगळ्यांना ठाऊक असते. मग पट्टी बांधलेल्या हाताने माणूस दुसऱ्या दिवशी हजर होतो. सुपरवायझर सांगतो, ‘नुसता बसून राहा, हजेरी लागेल.’ त्या आठवड्यापुरतं हे दोघांच्या सोयीचं असतं. कामगाराचा खाडा वाचतो आणि कारखान्याच्या फाटकावरच्या ‘अपघातविरहित दिवस’ या फलकाचा आकडाही.

अडचण येते दोन महिन्यांनी, ते बोट वळेनासं झाल्यावर. कायमच्या अपंगत्वासाठी कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक बोटाचा हिशेब आहे: पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची क्षमता १४ टक्क्यांनी घटली असं धरतात, मधलं बोट गेलं तर १२. पण त्या हिशेबाला सुरुवात करायला एक तारीख लागते आणि ‘नुसतं बसून’ काढलेल्या दिवशी हजेरीबुकात हजेरी असते. कामगार धडधाकट कामावर होता, असा तो पुरावा होऊन बसतो.

म्हणून पैसे तीन दिवसांनी सुरू होत असले, तरी कागद पहिल्याच दिवशी सुरू करायला हवा. अपघात त्याच दिवशी सांगावा, अपघात नोंदवहीत चढवून घ्यावा आणि दवाखान्याच्या चिठ्ठीवर तारखेबरोबर इजा कामावर झाल्याचं लिहून घ्यावं. दावा दाखल करायची मुदत दोन वर्षांची आहे. ‘माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही घेऊन भरपाईचा हक्क काढून घेता येत नाही. तसा करार कायद्याने रद्दबातल ठरतो. देय रक्कम महिनाभर थकवली तर मालकाला वर्षाला बारा टक्के व्याज लागतं आणि कारण योग्य नसेल तर थकबाकीच्या निम्म्यापर्यंत दंडही.

हे सगळं खरं असलं, तरी सोळाव्या दिवसापर्यंत घर चालायला हवं. त्या काळात बहुतेकांचा मार्ग एकच असतो: ठेकेदाराकडून किंवा मालकाकडून उचल. आता नीट पाहा. ज्याच्याकडून पैसे येणं आहे, त्याच्याकडूनच माणूस कर्ज घेतो, पुढच्या पगारातून ते फेडतो आणि फेडून होईपर्यंत भरपाई मागायची त्याची हिंमत राहत नाही.

आपला प्रेसवाला तेराव्या दिवशी कामावर परततो. त्याच्या बुडालेल्या ६,००० रुपयांतले २,२५० मालकाच्या खात्यात निघायला हवेत. उरलेल्यांतले १,५०० त्या पहिल्या तीन दिवसांचे. ते कायद्याने कोणीच कोणाचं देणं लागत नाही. मालकाच्या वहीत त्यांची नोंद नाही, ईएसआयच्या संगणकात नाही, सरकारच्या अपघातांच्या तक्त्यात नाही. ती सापडेल वस्तीतल्या किराणा दुकानात, उधारीच्या वहीत: तेल, तांदूळ, साखर आणि पुढे तारीख.